आधी गिटार की आधी बॉक्स

रविवार, ७ जानेवारी
सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं

ताई,

बॉक्सचं मागचं फळकूट काढून मी जमिनीवर बसलो होतो आणि चारही स्क्रू बशीत मोजून ठेवत होतो, तेव्हा तुला लिहायचं ठरवलं. वायर भिंतीतून काढलेली आहे. दोनदा बघितली. बाबा सांगायचे तसा काढल्यावर पाच मिनिटं थांबलोही, कारण बंद केलेला बॉक्ससुद्धा पोटात करंट धरून ठेवतो.

विषय असा. आम्ही चौघं जण मिळून वाजवतो. ड्रम वाजवणाऱ्याची व्हॅन आहे म्हणून तो आमचा कप्तान. दोन मार्चपासून एका हॉटेलात दर शनिवार-रविवार संध्याकाळी वाजवायचं काम मिळालं आहे. तुझी गिटार मी बाबांच्या बॉक्सवर वाजवतो. (दुकानदार त्याला अँप्लिफायर म्हणतो, मी त्याच्यासमोर तसं म्हणतो.) आवाज निम्म्याच्या वर नेला की शिट्टी वाजते. वाजवणं थांबवलं तरी वाजत राहते. कप्तान सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, आत कुकर लावलायस काय?" सगळे हसले. मग तो एकटाच हसायचा थांबला आणि म्हणाला, "गिटार बदल नाहीतर बॉक्स बदल. दोन मार्चच्या आत यातलं एक बदललं नाहीस तर मला माणूस बदलावा लागेल."

माझ्याकडे अकरा हजार आहेत. नवी गिटार पंधरा हजारांची, नवा अँप्लिफायरही जवळपास तेवढ्याचाच. दुकानदार म्हणतो, एक जुनं द्या, एक नवं न्या, चार हजार सोडतो. म्हणजे जे बदलायचं तेच द्यायचं. आधी गिटार की आधी बॉक्स, हे मी तीन जणांना विचारलं. कप्तान म्हणतो बॉक्स, कारण आवाज शेवटी बॉक्सचाच. दुकानदार म्हणतो, ज्यात तुमचं मन रमेल ते, आणि महाग गिटारीकडे बघतो. आमचे उस्ताद म्हणाले, "आधी लग्न कर, मग दोन्हींची गरज राहणार नाही." (मी मोटारी रिवाइंड करायच्या वर्कशॉपमध्ये आहे. जळलेली कॉइल काढायची, नवी तार गुंडाळायची. उस्ताद तिथले मुख्य कारागीर. तू गेल्यावर शाळा सोडून मी इथे लागलो.)

गिटार तुझी. बॉक्स बाबांनी केलेला. यात माझी म्हणून फक्त शिट्टी आहे. म्हणून विचारतो. गिटार दिली तर चालेल का?

आई बरी आहे. दिवसभर घरीच पडदे शिवते. या पत्राचं तिला माहीत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं होतं. सकाळी कामावर जाताना मी बॉक्सचं बटण शून्यावर आणून, वायर काढून जातो. संध्याकाळी येतो तेव्हा ते कधीकधी दोनवर असतं आणि बॉक्सची पाठ कोमट लागते. खिडकीतून ऊन येतं, त्याने असेल. बटणाचं काय ते कळत नाही.

रजिस्टर करून पाठवतो आहे. पत्ता तोच, तू पहिल्या महिन्यात पाठवलेला.

तुझा,
शेपूट


मंगळवार, २३ जानेवारी
दुपारी पावणेतीन, वर्कशॉपच्या जिन्यात

ताई,

उत्तर आलं नाही, पण घाई नाही. आधी तपासणीचं सांगतो.

रविवारी कप्तानाकडे गेलो. आधी तुझी गिटार त्याच्याकडच्या बॉक्सवर लावली, मग दुसऱ्या मुलाची गिटार आपल्या बॉक्सवर. हात तोच, आवाज तेवढाच, खोली तीच. शिट्टी गिटारीबरोबर गेली. बाबांचा बॉक्स निर्दोष निघाला. आवाज पूर्ण नेला तरी नुसता हलका गुणगुणत होता, आतले जुने काचेचे व्हॉल्व्ह तापले की गुणगुणतात तसा. कप्तानही म्हणाला, "हा डबा कोणी केला? बरा केलाय." मी म्हणालो, वडिलांनी. तो म्हणाला, मग त्यांनाच विचार गिटारीचं. बाबा गेले, हे त्याला माहीत नव्हतं.

म्हणजे गिटार आधी. म्हणजे जायचं तर तुझं जायचं.

हे इतकंच लिहिणार होतो.

आज बाराला वर्कशॉपची वीज गेली. वायरमन म्हणाला, चारशिवाय येत नाही. उस्तादांनी सगळ्यांना घरी धाडलं. आपल्या रस्त्याला वीज होती. मी जिना चढत होतो. दुसऱ्या वळणावर आपल्या दारातून माणसाचा आवाज आला.

ताई, तो बाबांचा होता.

मी जेवणाचा डबा पायरीवर ठेवला. तो पडेल अशी भीती वाटली. आवाज तसाच, छातीतून येणारा, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. म्हणत होता, "गॅस शनिवारपर्यंत पुरेल. निळ्या पडद्याचं कापड कमी पडलं. गुडघा काल जास्त होता, आज कमी आहे." मग थांबला. मग म्हणाला, "तिला सांगा."

भूत असतं तर ते गॅसचं बोललं नसतं, असं मनात आलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आई दाराकडे पाठ करून खाली बसली होती. तुझी गिटार तिने मांडीवर उताणी घेतली होती आणि तोंड तारांच्या अगदी जवळ नेऊन बोलत होती. बोलत होती ती, येत होता तो. तिचं कुजबुजणं मला ऐकूच येत नव्हतं. फक्त बॉक्स बोलत होता.

तिचं झाल्यावर तिने गिटार भिंतीला टेकवली, वायरला हात घातला आणि भिंतीतून खस्सकन उपटली. बटणाला हात लावला नाही.

"कधी आलास?"

"आत्ताच."

"अशी उपटली तर बिघडत नाही ना रे? रोज जीव खालीवर होतो."

रोज, म्हणाली. मी पाणी प्यायलो आणि वर्कशॉपला निघून आलो. इथे अजून वीज नाही. उस्ताद बाकावर झोपले आहेत. कुठे बसावं ते कळलं नाही म्हणून जिन्यात बसून लिहितो आहे.

शेपूट


रविवार, ४ फेब्रुवारी
सकाळी साडेदहा

ताई,

पहिल्या पत्राची पोचपावती परत आली आहे. त्यावर सही आहे. सही तुझी वाटत नाही, पण तुझी सही मी गेल्या तीन वर्षांत पाहिलेली नाही, आणि माणसाची सही बदलते. माझीही बदलली. पावती मी शिवणाच्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली ठेवली आहे. पत्र कोणीतरी घेतं आहे, एवढं नक्की.

उस्तादांना सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं की गिटारीत बोललं तर बॉक्समधून आवाज का यावा. त्यांनी दुसऱ्या दिवशी गिटार आणायला लावली, तारांखालच्या दोन कॉइल नखाने टिचकी मारून पाहिल्या आणि म्हणाले, "तार सैल पडलीय. आतलं मेण वाळून गेलंय. चांगली कॉइल फक्त तारेचं ऐकते. ही सगळ्यांचंच ऐकते. म्हणून बॉक्सची ओरड परत तिच्यात जाते आणि शिट्टी वाजते."

"मग?"

"मग काय, मेणात बुडव. आपलं वार्निश नको आणि ओव्हनमध्ये तर मुळीच घालू नकोस, प्लास्टिक वितळेल. मेणबत्त्या वितळव, गरम पाण्यात डबा ठेवून. अर्ध्या तासात बहिरी होते. वाजेल पहिल्यासारखीच, पण दुसऱ्याचं ऐकणार नाही. पंधरा हजार कशाला घालतोस?"

म्हणजे गिटारही देऊ नये, बॉक्सही देऊ नये. पाच मिनिटं मला फार आनंद झाला, ताई. मग आई आठवली.

त्या दिवशी जेवताना मी तिला विचारलं. ती लाजली. आईला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"झाडत होते," ती म्हणाली. "बॉक्स तू चालूच ठेवून गेला होतास. धूळ नाकात गेली, खोकले. तर ह्यांच्यासारखा खोकला आला तिकडून. मी म्हटलं, अगोबाई."

"तुझाच आवाज आहे आई तो. बॉक्समधून येताना जाड होतो."

"मला कळत नाही का तेवढं? मी काय खुळी आहे?" मग ताटात भात एका बाजूला करत म्हणाली, "पण ते तरी काय वेगळं करायचे? मी बोलायचे तेच तर सांगायचे तिला."

ताई, मला एकदम सगळं दिसलं. तुझं आणि आईचं बिनसलं की तुम्ही दोघी एकमेकींशी बोलायचं बंद करायच्या. चार चार दिवस. मग आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "तिला सांगा, दूध संपलंय." आणि दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या तुला बाबा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "सरकार, आतून निरोप आहे. दूध संपलंय." तू म्हणायचीस, "सांगा, मी आणते." ते तेही आत पोचवायचे, त्याच आवाजात. तुम्ही दोघी हसून फुटेपर्यंत त्यांचं चालायचं. बाबा गेले आणि तुमच्या मधला निरोप्याच गेला. म्हणून त्यानंतरचं पहिलंच भांडण मिटलं नाही. तू बॅग भरलीस, गिटार भिंतीला ठेवलीस, आणि आई म्हणाली, "जा. तुझा आवाजसुद्धा नको मला या घरात."

आता ती रोज दुपारी जेवण झालं की बॉक्स लावते आणि तुझ्यासाठीचे निरोप बाबांना देते. बाबा ते म्हणून दाखवतात. पुढे ते तुला पोचतात असं ती धरून चालते की नाही, हे मी विचारलं नाही. मी तरी ही पत्रं पाठवतोच आहे.

मी एकटा असताना एकदा करून पाहिलं. तोंड तारांशी नेलं आणि "सरकार" म्हणालो. ताई, मी पुन्हा करणार नाही. मी वायर उपटली तरी व्हॉल्व्ह विझेपर्यंत तो शब्द खोलीत होता असं मला वाटलं. मी खिडकी उघडली.

म्हणून असं ठरवलं आहे. शिट्टी मागच्या कॉइलमुळे येते, आणि मी तीच वापरतो. फक्त मागची बुडवायची. पुढची तशीच सैल ठेवायची, आईसाठी. कुठली कॉइल चालू ते ठरवणारं गिटारीवरचं बटण मी रोज सकाळी पुढच्या कॉइलवर करून जाईन. कोणाचंच काही जात नाही. तुझी हरकत असेल तर सोळा तारखेच्या आत कळव. शनिवारी सतरा तारखेला करतो.

शेपूट


रविवार, १८ फेब्रुवारी
दुपारी चार

ताई,

काय झालं ते क्रमाने लिहितो.

दोन्ही कॉइल एकाच प्लेटवर आहेत, म्हणून पूर्ण प्लेट उतरवून काल वर्कशॉपमध्ये नेली. पुढच्या कॉइलवर पांढरा दोरा बांधला होता, चूक होऊ नये म्हणून. जेवणाच्या सुट्टीत उस्तादांनी स्वतः मेण वितळवलं. मी मागची कॉइल बुडवली. बुडबुडे येत राहिले, ते थांबेपर्यंत थांबलो, काढली, पुसली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पंपाची मोटार घ्यायला आलं आणि बिलासाठी मला पुढे बोलावलं. दहा मिनिटं लागली असतील. ते पैशांवरून घासाघीस करत होतं.

परत आलो तर उस्ताद दोन्ही कॉइल फडक्यावर वाळवत होते. दोरा बाजूला काढून ठेवला होता.

"ही कशी राहिली होती रे तुझी? घातली मीच."

आमच्याकडे एक नियम आहे. कच्ची कॉइल दाराबाहेर जात नाही. बुडवून घट्ट केल्याशिवाय कुठलीही कॉइल गिऱ्हाइकाला द्यायची नाही, कारण सैल तार कंप पावते, घासते आणि पुन्हा जळते. उस्तादांनी चाळीस वर्षं तो नियम पाळला आहे. त्यांना तो दोरा म्हणजे "हिचं राहिलंय" अशी खूण वाटली. आमच्याकडे त्याचा अर्थ तोच आहे. मला दुसरा दोरा सुचायला हवा होता, किंवा कागद. मी त्यांना काही बोललो नाही. ते पैसेही घेत नव्हते. म्हणाले, "वाजव छान. माझ्या पोरीच्या लग्नात फुकट वाजव." त्यांना पोरगी नाही.

मेण परत निघतं का, हे विचारलं. म्हणाले, निघेल, पण केसापेक्षा बारीक तार आहे, मेणाबरोबर तीही निघेल.

घरी येऊन प्लेट बसवली. आवाज पूर्ण नेला. शिट्टी नाही. इतका स्वच्छ आवाज तुझ्या गिटारीतून मी कधीच ऐकला नव्हता. मग तारांशी तोंड नेऊन हाक मारली. आईला मारतात तशी, जोरात. बॉक्सने ऐकलं नाही. आईने ऐकलं. ती आतून म्हणाली, "काय रे?"

तिला सांगायचं धैर्य झालं नाही. आज दुपारी मी बाहेर गेलो नाही. ती माझ्यासमोर संकोचेल असं वाटलं होतं, पण जेवण झाल्यावर तिने नेहमीसारखा बॉक्स लावला, तो तापू दिला, गिटार मांडीवर घेतली. बोलली. पुन्हा बोलली. बटण दोनवरून चारवर नेलं, मग सातवर. मी तिला बटण वाढवताना कधी पाहिलं नव्हतं. खोलीत फक्त गुणगुण होती.

मी सगळं सांगून टाकलं. कप्तान, कॉइल, दोरा, उस्ताद. ती ऐकत होती, पण बॉक्सकडे बघत.

मग म्हणाली, "गेले ते."

"आई, अगं ते..."

"माहीतंय मला. गेले."

तिने बॉक्सवर पडदा टाकला, निळा, तो कमी पडलेला. आणि आज वायर उपटली नाही. बटण शून्यावर आणलं, मग वायर हळू काढली. बाबा काढायचे तशी.

शेपूट


सोमवार, ११ मार्च
रात्री सव्वानऊ

ताई,

हॉटेलातले चार कार्यक्रम झाले. कप्तान खूष आहे. "आता कसा, कुकर उतरला!" म्हणतो. लोक जेवता जेवता ऐकतात. कोणी वळून बघत नाही, आणि ते बरंच आहे.

मधल्या आठवड्यात मी दुकानात गेलो होतो. म्हणालो, अशी गिटार दाखवा जिच्यात कॉइल सैल आहे. जुनी, शिट्टी मारणारी.

दुकानदार म्हणाला, "लोक शिट्टी घालवायला येतात, तुम्ही विकत घ्यायला आलात?"

"हो."

"मागच्या खोलीत आहेत चार-पाच. बघा, तुमचं मन रमेल ती."

मी प्रत्येक गिटार लावून तिच्यात बोललो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून "दूध संपलंय" म्हणत होतो. दुकानातला नोकर दाराआडून बघत होता. चौथी गिटार बोलली. अडीच हजारांना मिळाली, निम्म्याहून थोडे जास्त रोख, बाकीचे नंतर.

काल दुपारी मी पडदा काढला, बॉक्स लावला, ती गिटार आईच्या मांडीवर दिली. म्हणालो, बोल. ती मान हलवत होती. मग बोलली, "जेवलात का?"

बॉक्समधून आवाज आला. पुरुषाचाच. पण नाकातला, घाईतला, सरकारी खिडकीतून बोलणाऱ्या माणसासारखा. तोच बॉक्स, तीच आई, तेच शब्द. बाबा यायला तुझीच गिटार लागत होती, हे मला आधी कळायला हवं होतं. तपासणीत मी ते तपासलंच नव्हतं.

आई दचकली. "हा कोण?"

"कोणी नाही आई. आवाज आहे."

"बंद कर. परका माणूस घरात घेतल्यासारखं वाटतंय." पदर सावरून बसली. मी वायर काढली. मग म्हणाली, "तू तिला पत्रं पाठवतोस."

मी वायर गुंडाळायला लागलो.

"मशीनच्या खणात पावत्या ठेवतोस आणि मला कळणार नाही? बॉबिनची डबी काय आपोआप हलते?" मग हात पुढे केला. "दाखव ती पहिली. कुणाची सही आहे ही?"

"माहीत नाही."

"तिची नाही."

"नसेल. बदलली असेल."

"तिची नाही," ती म्हणाली. तिने पावती उजेडात धरली, लांब धरली, जवळ आणली. "पण पत्र घेणारा कोणीतरी आहे ना तिथे? हात आहे, पेन आहे. त्याला विचारू."

"विचारायचं म्हणजे? लिहून?"

"लिहून किती जणांच्या हातून पाठवायचं? हे नाहीत आता मधे. मी येते. मी विचारते."

"आणि ती तिथे नसली तर?"

आईने पावती माझ्या हातात परत दिली. मग उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि बॅग कुठे आहे ते विचारलं.

आता खरं लिहितो. तू तिथे नाहीस, ही शंका मला पावती आली त्याच दिवशी आली होती. तरी मी तुला प्रश्न विचारत राहिलो, गिटार देऊ का, कॉइल बुडवू का, हरकत असल्यास कळव. मला उत्तर नको होतं. पत्र कोणीतरी घेतं आहे, एवढंच मला पुरत होतं. आईला ते पुरत नाही.

हे पत्र ज्या कोणाच्या हातात पडेल, त्याने उघडलं तरी चालेल. आम्ही गुरुवारी एकवीस तारखेला निघतो, शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत दारात असू. माणसं दोन. त्रास देणार नाही. नुसतं विचारायचं आहे.

आधी गिटार की आधी बॉक्स, त्याचं असं झालं. दोन्ही जुनंच आहे. खर्च पुढीलप्रमाणे.

शिल्लक होती ११,०००. हॉटेलचे मिळाले १,६००. एकूण १२,६००.

गेले: मेणबत्त्या ६०. सोल्डर आणि दोन स्क्रू ४०. शिट्टीची गिटार, रोख १,५००. रजिस्टर पत्रं, या पत्रासह पाच, २००. जायची तिकिटं दोन, १,९००. यायची तिकिटं तीन, २,८५०. एकूण ६,५५०. हातात ६,०५०.

देणं: दुकानदार १,०००. कप्तान, त्या शनिवार-रविवारी माझ्या जागी आणायच्या माणसाचे, ४००. उस्ताद, काही नाही, ते घेत नाहीत.

तिसरं यायचं तिकीट आईने काढायला लावलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, नाव काय घालू? आईने तुझं सांगितलं, स्पष्ट, पूर्ण नाव, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. रद्द केलं तर वीस टक्के कापतात. ते मी अजून देण्यात धरलेले नाहीत.

शेपूट